तीन वर्षांत बसवलेली डिग्री

सोमवार, २ फेब्रुवारी, सकाळ

तर सगळ्यात आधी कोण आली, तर टोरिका, माझी नणंद. चहा खाली उतरवायच्या आत. हातात उकडलेले कसाव्याचे कंद, पण आली होती खबर काढायला. मागोमाग चर्चमधल्या दोघी. टोरिका म्हणाली, वहिनी, ऐकलं ते खरं का, लोसालिनी गणितात नापास झाली म्हणे. मी म्हटलं, पेपर अवघड होता. ती म्हणाली, बाकीच्यांना सोपा दिला असेल. हसल्या मेल्या. माझाच बन चहात बुडवून हसल्या.

आमच्या गावातून इथे राजधानीत, सुवात, कॉम्प्युटर इंजिनीअरिंग शिकणारी पहिली पोर म्हणजे माझी नात. परवा तिनं माझ्या फोनमधली अक्षरं मोठी करून दिली. पाच घरी दाखवून आले. आणि या तिला हसणार.

खरं दुखणं वेगळं आहे. डिग्री चार वर्षांची. एक झालं. मी चर्चमध्ये सगळ्यांना तीनच सांगून ठेवलंय, कारण माझी नात हुशार आहे. आता म्हणतात गणित परत कर. ते झाल्याशिवाय सर्किटचा विषय नाही. आणि सर्किट वर्षातून एकदाच, फेब्रुवारीत. हुकलं की चाराची पाच.

लोसालिनी मला, आजीला, बुबू म्हणते. म्हणाली, बुबू, मी सगळं जमवलंय. डिपार्टमेंटचे इसिकेली सर गणित आणि सर्किट एकदम घ्यायची परवानगी देतायत. बुधवारी दहाला सही करतील. शुक्रवारी चारच्या आत फॉर्म गेला की चार वर्षांतच संपेल. तू फक्त काही करू नकोस.

मी कुठे काय करते.

दुपार. ठरवलं. पोरीचे विषय मी स्वतः लावणार. सहीवर घर उभं राहत नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

ती कॉलेजात गेल्यावर डिपार्टमेंटचा कागद बघितला. नुसत्या चौकटी आणि बाण. हा विषय त्याच्यासाठी थांबलाय, तो आणखी कुणासाठी. संताप आला. मी दुसरीपर्यंत शिकले, पण पन्नास वर्षं केवड्याच्या चटया विणतेय. एक पट्टी दुसरीची परवानगी मागत बसली असती तर आमचं अख्खं गाव जमिनीवर झोपलं असतं.

बिस्किटांच्या खोक्याचे तुकडे केले, त्यांवर विषयांची नावं लिहिली आणि जमिनीवर मांडले. हे लोक सहा महिन्यांना चार विषय देतात. चार! मी त्या वयात चार पोरं, दोन म्हाताऱ्या आणि कसाव्याचं रान सांभाळत होते. मी सहा-सहा लावले. तीन वर्षांत चपखल बसलं. एकच तुकडा उरला, इंजिनीअरनं सचोटीनं कसं वागावं. तो चुलीत टाकला. ते आमच्या घरात शिकवलेलं असतं.

आता मागायचं कसं, तर रीतीनं. इसिकेली सरांची आई रेवा नदीकाठची, म्हणजे आमच्यातलीच. यांगोनाच्या, म्हणजे ज्याचं मानाचं पेय करतात त्या झाडाच्या, मुळांची जुडी पुढे ठेवून मोठ्यांनी मागितलं की चांगल्या घरचा माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. फॉर्मवर हे लिहिलेलं नसतं, म्हणून पोरांना कळत नाही.

बुधवार, ४ फेब्रुवारी, दुपारी बारा

फत्ते.

टोरिकाचा नवरा आपेनिसा आमच्या वतीनं बोलायला. कोट घालून आला, बटण लागत नव्हतं. डिपार्टमेंटच्या दारात एक पोरगी म्हणाली, अपॉइंटमेंट आहे का. आपेनिसा म्हणाला, तुझ्या जन्माआधीपासूनची आहे, बाळ. आणि आम्ही आत.

आत लोसालिनी बसलेली. पुढे तिचा फॉर्म, सरांच्या हातात उघडं पेन. मी म्हटलं, वेळेवर आलो. चटई अंथरली, बसलो. सर बघत राहिले, मग खुर्ची सोडून खाली आमच्यासमोर बसले. संस्कार असे लपत नाहीत. आपेनिसा वीस मिनिटं बोलला. आजोबा, पणजोबा, नदीचा पूर, मग सहा-सहा विषय आणि तीन वर्षं. सरांनी मुळं घेतली, रीतीप्रमाणे तीन टाळ्या वाजवल्या. म्हणाले, मोठ्यांनी मागितलंय, उत्तरही मोठ्यांकडूनच यायला हवं. आईशी आणि मामाशी बोलतो. तोवर या पोरीच्या कुठल्याच कागदाला हात लावणं मला शोभणार नाही.

आणि पेनाला टोपण लावलं.

बाहेर आल्यावर लोसालिनी म्हणाली, बुबू, ते सही करत होते. मी म्हटलं, तुझ्या चार वर्षांवर. माझ्या तीनवर नाही. ती बसस्टॉपपर्यंत माझ्या दहा पावलं पुढे चालत राहिली. उन्हानं होतं असं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

राग राग राग.

लोसालिनी परत सरांकडे गेली होती. ते म्हणाले, तुझ्या आजीनं मध्ये मुळं ठेवलीत, ती ओलांडून मी सही कशी करू. मामा गावाहून शनिवारी येतोय. ती म्हणाली, सर, शुक्रवारी चारला बंद होतं. ते म्हणाले, आजी मागणं परत घेऊ शकतात.

मी? परत?

पोरगी माझ्यापुढे गुडघ्यावर बसून म्हणाली, बुबू, परत घे. मी म्हटलं, आमच्या घराण्यात कुणी मागणं परत घेतलेलं नाही. ती म्हणाली, तुमच्या घराण्यात कुणी सर्किटही घेतलेलं नाही.

उलट उत्तर देते. कॉलेजात हेच शिकवतात.

अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवली, तिला आवडतात म्हणून. तिनं ताट सरकवलं. मीच खाल्लं, रागानं.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

सकाळी बघितलं, तर फॉर्म छातीशी धरून ती दारात बसलेली. लहानपणी ताप यायचा तेव्हा अशीच बसायची.

ठीक आहे. घेते परत. माझी चूक आहे म्हणून नाही.

पण परत घ्यायलाही मुळं लागतात आणि बोलणारा लागतो. मुळं मिळाली. आपेनिसा रग्बी बघायला गेलेला. टोरिका म्हणाली, हाफटाइमला येईल. हाफटाइमला आला आणि म्हणाला, कोट धुवायला टाकलाय. त्याच्या कोटाला आग लागो. बनियनवर यायला तयार होता, मीच नको म्हटलं. रीत ती रीत. शर्ट मागून आणला, टॅक्सी केली. सरांनी मुळं घेतली, धावत सही केली. खरोखर धावत. लोसालिनी फॉर्म घेऊन काउंटरला पोचली तेव्हा चार वाजून दहा मिनिटं.

काउंटरवरची बाई म्हणाली, मी नाही हो, कॉम्प्युटर आपोआप बंद करतो. मी म्हटलं, त्याला सांग मी आलेय. त्या यंत्राला आजी नसणार.

शनिवार, ७ फेब्रुवारी

मागणं परत घेतलं तरी सरांच्या घरचे आले. त्यांचा मामा आधीच बोटीतून निघाला होता. अकरा माणसं. अख्ख्या गल्लीनं बघितलं. कुणाकडे येतात अकरा माणसं? टोरिकाचं तोंड बघण्यासारखं. मासळी पुरली, कसावा तिचाच वापरला.

मामानं देवमाशाचा दात पुढे केला. माझ्यासमोर असा दात शेवटचा ठेवला होता तो माझ्या लग्नात. त्याचं बोलणं संपायच्या आत दोन्ही हातांनी घेतला, छातीला लावला. घेतला म्हणजे मागितलेलं मान्य, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग ऐकलं ते काय मागत होते. लोसालिनीला डिग्री मिळेपर्यंत तिच्या घरच्या मोठ्यांनी डिपार्टमेंटची पायरी चढू नये.

कुणी हसलं नाही. टोरिकासुद्धा नाही. ते जास्त लागलं.

इसिकेली सर लोसालिनीला हळूच म्हणाले, मी बुधवारी आधी सही करायला हवी होती, मग खाली बसायला. सर्किट आता पुढच्या फेब्रुवारीत. पाच वर्षं. ती हो म्हणाली आणि सगळ्यांना चहा दिला. मलाही दिला, साखर बरोबर घातलेली.

टोरिका निघताना म्हणाली, वहिनी, उद्या चर्चमध्ये किती वर्षं सांगायची. मी म्हटलं, विचारलं तरच सांग.

मामा म्हणाला, पदवीच्या दिवशी आम्ही सगळे परत येऊ, तुम्हाला घेऊन जायला, त्या दिवशी पायरी चढा. तारीख मी लोसालिनीला विचारली. माझ्याकडे न बघता तिनं हिशेब करून सांगितली. भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं लांब जात नाही, म्हणून इथे लिहून ठेवते: पाहुणे परत येणार, शनिवार, १५ डिसेंबर २०२९.