फुलावर विकलेला बगीचा

अरविंदकाका,

पाया पडते, पण रागानं.

काल सौसरच्या कार्यक्रमात तुम्ही माझ्या नव्या गाण्यावर नाचले अन् माइकवर बोलले, "आमच्या भाग्यश्रीनं संत्रावाल्यायचं दुःख मांडलं!"

कोणते संत्रे, काका? फळ धरायच्या आधी, फुलावरच व्यापाऱ्याले विकलेला गाण्यातला तो बगीचा मी आहो. मी शाळेत होती, तेव्हाच तुम्ही माझा आवाज गाण्याच्या कंपनीले लिहून दिला. तेव्हापासून गाणं कोणतं, कपडे कोणते, सगळं तेच ठरवून राहिले. एवढा गळा फाडून सांगून राहिली, तरी तुम्हाले समजून नाही राहिलं!

हे पत्र तुम्हाले देत नाही. वाचलं तर गाणंच बंद करसान. उद्या पांढुर्ण्यात तेच म्हणीन, तुमच्या डोळ्यात पाहून. पहिली शिट्टी तुम्हीच वाजवसान.

अजून झाडावरच असलेली,
भाग्यश्री