श्वेत बटूची खूण

४ मार्च

आज माझ्याच हातांनी मला तोंडघशी पाडलं!

तारांगणात तालीम होती. कर्णबधिर प्रेक्षकांसाठी पहिलाच खेळ, आणि निवेदन खुणांच्या भाषेत सांगणारी मी. घुमटातले दिवे मालवले की त्यांचं बोलणंच बंद पडतं, म्हणून माझ्या हातांवर तेवढा एक छोटा दिवा. बाकी सगळा काळोख. थोड्या वेळानं हात परक्याचे वाटायला लागतात. वर चांदण्या सरकत असतात आणि आपण कुठे नसतोच. मला आवडतं ते.

तारेवाल्या बाई बोलत होत्या. (खगोलशास्त्राच्या आहेत, पण सगळे असंच म्हणतात.) श्वेत बटू म्हणजे मेलेला तारा. भार जवळपास सूर्याएवढा, आकार जेमतेम पृथ्वीएवढा. शेजारचा तारा आपलं अंग त्याच्यावर ओतत राहतो. माझे हात फुगत गेले — मोठा, आणखी मोठा. बाई थांबल्या. "अहो, लहान होतो तो. भर पडली की आक्रसतो."

मला वाटलं, चेष्टा करतायत.

५ मार्च

चहाच्या वेळी बाईंना गाठलं. म्हणाल्या, जिवंत ताऱ्याला आतली भट्टी फुगवून ठेवते. मेल्यावर भट्टी बंद. मग आतले कण एकमेकांना रेटून उभे, तेवढाच आधार. वरून भर पडली की ते आणखी चेपले जातात.

— आणि भर काढून घेतली तर?

"सैल होतो. पसरतो."

— आणि घालतच राहिलं तर?

"एक हद्द आहे. सूर्याच्या दीडपटीहून जरा कमी. त्यापुढे आधार पुरत नाही. काही तर असे उडतात की मागे काही उरतच नाही." बोलता बोलता त्यांचं बिस्किट तुटून कपात बसलं. त्यांना पत्ताच नाही.

७ मार्च

खूण सुचत नाही. आरशासमोर वेड्यासारखी हात हलवतेय.

८ मार्च

शेवटी धाकट्याला विचारलं. माझा भाऊ, जन्मापासून ऐकू येत नाही. आई-बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. दवाखाना, बँक, त्याच्या छापखान्याचे मालक — सगळीकडे त्याच्या वतीनं बोलायला मी. भेंडी चिरत होता. सुरी ठेवली, डाव्या हाताची मूठ केली, उजव्यानं तिच्यावर ओतत राहिला. मूठ आवळत गेली, पेरं पांढरी पडेपर्यंत. बस, हीच!

मग हात पुसून म्हणाला, लग्न करतोय. जिच्याशी रोज व्हिडिओवर बोलतो, तिच्याशी. तिलाही ऐकू येत नाही. तिच्या गावी राहणार, तिथल्या छापखान्यात काम मिळालंय. पुढच्याच महिन्यात.

मी विचारलं, तिथे डॉक्टरकडे तुझ्याबरोबर कोण जाणार? म्हणाला, लिहून सांगेन. जसं काही सोपंच! भेंडी करपली. दोघांनी तशीच गिळली.

९ मार्च

अबोला. त्याच्याशी अबोला धरणं सोपं असतं, नुसतं बघायचं नाही. दुष्टपणाच आहे तो. तरी धरला.

११ मार्च

दुपारी डोळा लागला. स्वप्नात कोणकोण येऊन माझ्या ओंजळीत वस्तू ठेवत होतं — आईचा चष्मा, त्याची शाळेची पिशवी, दवाखान्याचे कागद. मी आपली "ठेवा, ठेवा" म्हणतेय. दर वस्तूगणिक मी लहान. शेवटी धाकट्याच्या शर्टाच्या खिशात मावले. आत ऊब होती, इस्त्रीचा वास होता. जागं व्हावंसं वाटेना.

१४ मार्च

खेळ झाला. मूठ आवळताना पुढची रांग नकळत पुढे झुकली. शेवटी दिवे लागले आणि सगळीकडे हात — टाळी म्हणून वर हलवलेले, आवाज कसला तो नाही.

होणारी भावजयही आली होती. गोड आहे, खुणा भरभर करते. मी तिला समजवायला गेले, त्याला डॉक्टरकडे एकटं सोडू नकोस. ती गोंधळली. म्हणाली, तो तर दोन वर्षं एकटाच जातो. उलट मलाच घेऊन गेला होता. तुम्ही बरोबर आलात की तुम्हाला बरं वाटतं, म्हणून कधीमधी तुम्हाला नेतो.

कधीमधी. मला!

हसले. घरी येऊन चपलाही न काढता खुर्चीत बसून राहिले. मग एवढी वर्षं मी त्याची कोण होते? आणि आता कोण?

१६ मार्च

बाईंना विचारलं, भर काढून घेतल्यावर तारा पसरतो ना, मग पुन्हा पेटतो का? "छे हो. सैल होतो इतकंच. पसरला म्हणून जिवंत होत नाही." विचारायलाच नको होतं.

२० मार्च

त्याच्या पेट्या भरल्या. घर मोठं दिसायला लागलंय. मला नकोय मोठं घर.

२ एप्रिल

उद्या नोंदणी कचेरीत लग्न. मी काय बोलायचं, कुठे उभं राहायचं, सगळं ठरवून ठेवलं होतं. संध्याकाळी म्हणाला, दुभाषी दुसरी ठरवलीय. विचारलं, मग मी तिथे करू काय?

म्हणाला, काही नाही. बहीण आहेस ना? माझ्या शेजारी नुसती बस.

नुसती बस, असं मला आजवर कुणीच म्हटलं नव्हतं.