माय, तुला ऐकू येत होतं

माय, काल एका अनोळखी डॉक्टरने मला फोनवर तुझ्याबद्दल विचारलं. विमा कंपनीचा डॉक्टर होता. मी गंभीर आजाराचा विमा घेते आहे, ज्यात स्मृतिभ्रंशही बसतो असा. दवाखान्याचं बिल भरणारा विमा मला शाळेकडून आहे. हा वेगळा, आजाराचं निदान झालं की एकरकमी पैसे देणारा. तुला हे समजावून सांगायला मला आवडलं असतं. तू हातातलं काम न थांबवता ऐकलं असतंस आणि विचारलं असतंस, "अन् आजार झालाच न्हाई तं पैसे वापस देतेत का?" देत नाहीत, माय. तरी घ्यायचा आहे, कारण मला भीती वाटते.

मागच्या महिन्यात फळ्यावर वर्तुळ काढलं आणि मला 'परीघ' हा शब्दच आठवेना. मुलींनी सांगितला, त्या हसल्या, मीही हसले. तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत जाऊन तो शब्द वहीच्या मागच्या पानावर दहादा लिहिला. तेव्हापासून रोज सकाळी दात घासताना तुझ्या माहेरच्या माणसांची नावं मनात म्हणून बघते. मामा, मावश्या, त्यांची लेकरं. एखादं नाव सुटलं की पुन्हा पहिल्यापासून. अजून तिशी नाही आली माझी. तू विसरायला लागलीस तेव्हा तुझी पन्नाशीही झाली नव्हती. मी अशी हरवत गेले तर मला सांभाळायला धाकटीच येईल, नोकरी सोडून, उद्या होईल तो संसार बाजूला ठेवून. तिला तसं अडकावं लागू नये, एवढ्यासाठी हे पैसे हवेत.

विम्याचं काम करणारे काका गल्लीतलेच आहेत. त्यांनी घरी येऊन दोन योजना दाखवल्या. स्वस्तातल्या योजनेत कर्करोग होता, हृदय होतं, किडनी होती, विसरण्याचा आजार नव्हता. "हीच घ्या ताई," ते म्हणाले. "तुमच्या वयात ते दुसरं काहून पाहून राहिल्या? अन् विसरायचा विमा काढला अन् हप्ताच भरायचा विसरला तं?" बाबा पोट धरून हसले. दुसऱ्या योजनेत तो आजार होता, पण अटी होत्या. मेंदूच्या तज्ज्ञाने लिहून द्यायला हवं. शिवाय आंघोळ, कपडे, जेवण, चालणं यातल्या काही गोष्टी कुणाच्या मदतीशिवाय कायमच्या जमेनाशा व्हायला हव्यात. त्या ओळीवर मी थांबले.

कारण तुला ते सगळं जमत होतं. वसमतच्या मोंढा बाजारात हळद निवडायला बसलेली तू मला दिसतेस. गड्डे एकीकडे, हळकुंडं एकीकडे, पिवळी बोटं कुठेही न अडखळता चाललेली. शेजारची बाई म्हणते, "हिच्यावानी हात कोणाचा न्हाई." आणि संध्याकाळी तू आपल्या दारावरून तशीच पुढे निघून जातेस. एकदा तू बसस्टँडवर कळमनुरीच्या गाडीत सापडलीस. पदर नीट होता, केस नीट होते, फक्त कुठे जायचं ते ठाऊक नव्हतं. तेव्हापासून बाबा लोकांना सांगायला लागले, "तिला ऐकायला कमी येतं." हाक मारली तरी वळत नाही, ते कानामुळे. घरात दोन पोरी होत्या आणि बहिरेपण पोरींच्या लग्नाच्या आड येत नाही. आम्ही दोघीही तेच सांगू लागलो. मग बाया तुझ्याशी ओरडून बोलायच्या आणि तू दचकायचीस. परसातली शेळी नुसती उठून उभी राहिली तरी तुला ऐकू यायचं. त्या अटींप्रमाणे तू आजारी नव्हतीसच, माय. मीही एक दिवस अशीच नीट साडी नेसून, नीट जेवून, हरवलेली असेन.

काकांनी विचारलं, घरात कुणाला मेंदूचा किंवा स्मरणशक्तीचा आजार होता का? मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. "न्हाई. हिच्या मायला ऐकायला कमी येत व्हतं. बाकी काही न्हाई."

"बाबा, माय विसरत व्हती."

"कोण्या डॉक्टरनं लिहून देलं का तसं? मंग? धाकटीला पाव्हणे पाहून जाऊन राहिले, अन् तू गल्लीत डंका पिटतीस!"

काका खाली मान घालून म्हणाले, "माझ्या तोंडून बाहेर जाणार न्हाई, दादा. पण लपवलं अन् उद्या निघालं तं कंपनी रुपया देत न्हाई. खरं सांगितलं तं हप्ता वाढंल, न्हाईतं सरळ नकार येईल."

"खरं तेच लिहा," मी म्हणाले.

बाबा उठले, चपला घातल्या. दारातून म्हणाले, "शिकिवलं ना आमी, भोगा आता." पुढचे दोन दिवस ते माझ्या आधीच जेवून बाहेर पडत होते.

काल फोन आला तेव्हा बाबा बाजेवर बसून होते, फोन स्पीकरवर होता. डॉक्टर विचारत गेले, मी सांगत गेले. वाट चुकणं, तेच तेच विचारणं, विनाकारण रडणं. आपल्या घरात हे कुणी मोठ्याने बोललंच नव्हतं. कधी सुरू झालं ते सांगताना मी चुकले, तर बाबा भिंतीकडे बघत हळूच म्हणाले, "त्याच्या आधल्या सालापासून." मी ते सुधारून सांगितलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "शेवटी घरच्यांना ओळखत होत्या का?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले. "मला ओळखायची."

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. तुझ्या शेवटच्या उन्हाळ्यात मी ओसरीवर तुझे केस विंचरत होते. माझी बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती. तू मान न वळवता म्हणालीस, "बाई, तुमी लई मायेनं करता. तुमाला लेकरं किती?" मी म्हणाले, "एक बी न्हाई." तू माझा हात थोपटलास, म्हणालीस, "व्हतील." हे मी बाबांना कधी सांगितलं नाही, धाकटीलाही नाही.

कंपनीचं उत्तर अजून आलेलं नाही. कालच्या सांगण्यात काही दुरुस्ती असेल तर कळवा, म्हणून डॉक्टरांनी नंबर दिला आहे. मी फोन केलेला नाही.