होय की नाही, तो रकाना

आई, आज माझ्याच शाळेत माझं तोंड तपासलं.

मंगळवार पेठेतल्या एका शाळेची मी आता मुख्याध्यापिका आहे. शाळा तंबाखूमुक्त करा, असा सरकारचा आदेश आलाय, म्हणून महिनाभर नुसती भिरभिरत होते. फाटकावर बोर्ड लावला, रस्त्यावर तंबाखूविक्रीबंदीची पिवळी रेघ मारून घेतली, रेघेच्या आत टपरी टाकणाऱ्याशी भररस्त्यात भांडले. "बाई, पोटावर पाय देताय की माझ्या," म्हणाला. मी म्हटलं, "आणि तुम्ही पोरांच्या गळ्यावर देताय, त्याचं काय?" टपरी हलली. मग 'आमच्या शाळेत कोणीही तंबाखू सेवन करत नाही' या कागदावर मी सही ठोकली. क्षणभरही अडले नाही, हेच आता मला खटकतंय. वर्गावर्गात लावलेल्या तक्त्यावर मिश्रीचंही चित्र आहे, आणि तो तक्ता मीच लावून घेतलाय. तरी मिश्री तंबाखूत धरायचीच नाही, ही तुझी सवय माझ्यातून काही जात नाही बघ.

कबनूरचं आपलं स्वयंपाकघर. तू चुलीवर तो काळा, कड फुटलेला तवा ठेवतेस, त्यावर मिश्रीसाठी तंबाखू भाजतेस आणि ठसका लागून आम्ही सगळे अंगणात पळतो. बाबांनी तंबाखू मळायला घेतली की तू आतून ओरडतेस, "आवं, भाईर जावा की! घरात त्यो वास नगं मला." आणि तुझं बोट तुझ्याच तोंडात. बाबा म्हणायचे, "आणि तुझं गं ते काय?" "ह्ये व्हय? ह्येनं दात घासत्यात!" आम्ही पोट धरून हसायचो. मागाच्या कारखान्यात दिवसभर सुताच्या कांड्या भरायचीस, दुपारी भूक लागली की डब्याऐवजी मिश्री लावायचीस, आणि डबा तसाच परत आणून आम्हाला द्यायचीस. मी नववीत असताना दाढ दुखली, तेव्हा तुझ्याच बोटानं तू माझ्या हिरडीला लावलीस. डोकं गरगरलं, पण दुखणं थांबलं. डी.एड.ला निघाले तेव्हा हातात मिश्रीची पितळी डबी ठेवलीस आणि बजावलंस, "मैतरणींफुडं लावू नगंस." म्हणजे काहीतरी ठाऊक होतं ना गं तुला? याचा मला अजून राग येतो.

तुझ्या गालात आतून फोड आला, तर 'दाढ किडलीया' म्हणत तू त्याच फोडावर मिश्री दाबत राहिलीस. आणि ती भाजून कोण देत होतं? मीच. शेवटी शेवटी पेजसुद्धा गालातून गळायची. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "ह्या तंबाखू खायच्या का?" मी ठणकावून सांगितलं, "नाही हो, कधीच नाही." तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

आज दातांची डॉक्टर आली, माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "मॅडम, आधी तुम्ही बसा, म्हणजे बाकीचे लाजणार नाहीत." मागं सगळे शिक्षक रांगेत. तिनं बॅटरी लावली. "तंबाखू?" "छे!" "मिश्री?" मागची कुजबूज एकदम थांबली. "नाही," म्हटलं. ती डाव्या गालाशी बॅटरी धरून बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या कानाशी वाकली. "आत पांढरा चट्टा आहे, मॅडम. सोमवारी सरकारी दवाखान्यात या, उशीर करू नका." माझा तपासणीचा कागद तिनं घडी घालून हातात दिला. सगळं भरलेलं, एकच रकाना कोरा. "हा तुम्हीच भरा. खरं लिहिलंत तरच पुढचं बघता येईल." तिच्या नजरेला नजर देता आली नाही मला.

दुपारपासून स्वयंपाकघरात तो कागद पुढ्यात घेऊन बसलेय. तंबाखू सेवन: होय की नाही. होय लिहिलं तर त्या सहीचं काय, त्या टपरीवाल्याला कोणत्या तोंडानं सामोरं जाऊ? नाही लिहिलं तर तुझ्या वेळचंच पुन्हा. चट्टा तुझा फोड होता त्याच गालात आहे, आई. जिभेनं सारखी चाचपून बघतेय. भ्यालेय मी, खूप भ्यालेय.

हे पत्र पाठवायला पत्ता कुठला? त्या कागदाच्या घडीत घालून पर्समध्ये ठेवतेय. रकाना भरला एकदाचा. 'होय' लिहिलं आणि पुढं 'मिश्री' असंही लिहिलं. फक्त एक सांगते, रागावू नकोस. ते लिहायचा धीर होईना, म्हणून आधी तुझ्या डबीतली बोटभर लावली.