डब्यातली खापरी

२१ जानेवारी

तंबाखू गेली! दोन वर्षांनी आज पाइप काढला, डबा उघडला — आत नुसता पाचोळा. चिमटीत धरली तर भुगा. पेटवली तर घशाला चटका, वासाचा पत्ता नाही.

बोटीवर नोकरी करणारा सागर पंधरा वर्षं तिकडून डबे आणून देतोय. एकदाही असं झालं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दमयंती संदेशकडे मुंबईला गेली, तोवर तरी नव्हतं. "दोनच महिने हो. सानिका चालायला लागली की येतेच." सानिका आता जिने चढते. लेकाचं घर, नात — मी कुठल्या तोंडानं म्हणू, ये परत?

२२ जानेवारी

शेजारच्या बाळाचा सल्ला — "आप्पा, पाणी मारा की वरनं! पानवाला पानांवर मारतो तसं." मारलं. अर्धीवरच. तेवढी अक्कल शाबूत आहे.

२६ जानेवारी

बुरशी! कापसासारखी पांढरी. ती अर्धी जास्वंदीच्या मुळाशी गेली.

संध्याकाळी ओटीवर चौथीतली कविता म्हणत बसलो. तिसरं कडवं आठवेना. ते दमयंतीचं. मी अडलो की स्वयंपाकघरातून यायचं — वर "शाळा सुटली आप्पा, आता जेवायला चला!" हेही.

२७ जानेवारी

शेवटी फोन केला. तंबाखूचं सांगितलं.

"खापरी कुठाय?"

"कसली खापरी?"

"डब्यातली! मडक्याची. दर संकष्टीला भिजवून ठेवायचे ना मी."

ती गेली त्या आठवड्यात डब्यात मातीचा तुकडा दिसला होता. कचरा म्हणून मीच अंगणात भिरकावला!

"पण तुला तर धुराचा त्रास व्हायचा."

"व्हायचाच. पण ओटीवरून वास आला की कळायचं, तुम्ही घरात आहात."

खापरी कशी ठेवायची ते घाईघाईनं सांगितलं, तेवढ्यात सानिका रडली. फोन ठेवला तिनं.

इतकी वर्षं. दर संकष्टीला. आणि मी समजत होतो, विलायती डब्याचा गुण!

२८ जानेवारी

तिनं सांगितलं तसं केलं. फुटक्या माठाची खापरी, दोन बोटं रुंद. पंधरा मिनिटं पाण्यात, मग फडक्यानं कोरडी पुसायची — वर थेंब दिसता कामा नये. तंबाखूवर ठेवून झाकण घट्ट. दोन दिवस उघडायचं नाही. उघडलं नाही. डब्यावर हात ठेवून बसलो फक्त.

३१ जानेवारी

थोडी मऊ. खापरी पुन्हा भिजवली.

३ फेब्रुवारी

जमलं! चिमटीत दाबली की धरते, सोडली की हळूहळू सुटते. आणि वास — गुळाचा, जुन्या सागाचा. अख्खी ओटी भरली. स्वयंपाकघराकडे पाहिलं. सवय!

पाइप भरला. पेटवला नाही.

५ फेब्रुवारी. संकष्टी.

तिचाच फोन. "मऊ झाली का तंबाखू?"

"नाही गं. कोरडी ती कोरडीच. मला नाही जमत."

ती हसली.

"खोटं बोलताना चालीवर बोलता हो तुम्ही. कविता म्हटल्यासारखं!"

मी डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

"शनिवारच्या मांडवीनं येते. स्टेशनवर या. आणि तोवर खापरीला हात लावू नका — आज संकष्टी असली तरी."