तेवीस घरांतली कायमची सेटिंग

आप्पा,

आज बुधवार, १८ जून २००८. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मी दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून वहीतली घरं मोजत होतो. तेवीस झाली. एखादं घर दोनदा मोजलं गेलं असेल म्हणून प्रत्येकापुढे पेन्सिलीने टिंब देत पुन्हा मोजली. तेवीसच आहेत. वही नीट ठेवली नसती तर आज एवढं तरी सुख मिळालं असतं, की नक्की किती घरांत मी हे करून ठेवलं आहे ते मला ठाऊक नसतं.

तुम्ही गेलात त्याला नऊ वर्षं झाली, त्यामुळे काय केलं ते आधी सांगायला हवं. तुम्ही फोनच्या खांबावर चढून ज्या तांब्याच्या जोड्या ओढल्यात, त्याच जोड्यांवरून आता घरोघरी इंटरनेट येतं. फोनच्या वायरला एक छोटा डबा जोडतात, त्याला मोडेम म्हणतात. डब्यावर चार हिरवे दिवे असतात. डबा फोनवाले देतात, पण त्याच्या आतली मांडणी कुणीतरी करून द्यावी लागते, आणि ते काम आमच्या दुकानाकडे येतं, म्हणजे माझ्याकडे. संगणकावर डब्याचं पान उघडायचं, एका चौकटीत शून्य आणि दुसरीत पस्तीस टाकायचं, ग्राहकाचं नाव आणि पासवर्ड भरायचा, जपून ठेवायचं आणि चौथा दिवा लागायची वाट बघायची. दहावी अर्धवट सोडलेल्या माणसाला हे जमतं, कारण यात हुशारी लागत नाही, एकही अक्षर न चुकवणं लागतं. ते तुम्ही मला शिकवलंत. तुमच्या फॉल्टच्या डायऱ्या मी लिहायचो. तुम्हाला लिहिता यायचं, पण अक्षर साहेबाला वाचता यायचं नाही. संध्याकाळी आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही पाटावर बसून खिशातल्या चिठोऱ्या काढताय, आणि मी चुलीच्या उजेडाला वही धरून लिहितोय. एकदा मी पाचाचा सहा केला, तेव्हा तुम्ही वही हिसकावून घेतलीत. "तुझा एक आकडा चुकला तर तिकडं कोणाच्या तरी घरी दुसऱ्याचा फोन वाजेल. लिहिताना तोंडानं म्हण." मी अजून तोंडाने म्हणतो. लोक हसतात.

आता चूक. ही मांडणी दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकाराला ब्रिज म्हणतात. त्यात डबा नुसता मधे पडलेला असतो, आणि माणसाने दर वेळी संगणकावरचं चित्र दाबून पासवर्ड देऊन जोडणी करायची, काम झालं की तोडायची. मी हेच करून द्यायचो. पण लोकांना ते जमेना. दिवसभर फोन. "दादा, ते सहाशे एक्क्याण्णव आलंय परत!" म्हणजे पासवर्ड चुकला. मी फोनवरच त्यांना एकेक अक्षर म्हणायला लावायचो. अक्षय तृतीयेच्या सुमारास मी दुसरा प्रकार शिकलो. त्यात नाव आणि पासवर्ड डब्यातच भरून ठेवायचा. डबा चालू झाला की तो स्वतःच जोडणी करतो आणि कधीच तोडत नाही. लोक खूश झाले. मी त्याला कायमची सेटिंग म्हणू लागलो आणि तिचे पन्नास रुपये जास्त घेऊ लागलो.

आप्पा, यातल्या बहुतेकांनी कमी पैशांची योजना घेतली आहे. त्यात महिन्याला ठरलेलं माप असतं, ते संपलं की पाण्याच्या मीटरसारखे वरचे पैसे चढत जातात. जोडणी तुटतच नसेल आणि संगणकही चालू राहिला, तर तो आपल्या आपण कुठून कुठून काहीबाही उतरवत बसतो आणि मीटर फिरत राहतो. हे मला माहीत असायला हवं होतं. माप असतं हे माहीत होतं. जोडणी कायम राहते हेही माहीत होतं. या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत.

सोमवारी देवळाली कॅम्पातून एका बाईंचा फोन आला. त्यांचे यजमान लष्करात हवालदार आहेत, सध्या वर सीमेकडे. त्या, दोन मुलं आणि सासूबाई इथे क्वार्टरमध्ये राहतात. मुलांच्या शाळेसाठी आणि यजमानांच्या मेलसाठी त्यांनी इंटरनेट घेतलं आहे. मी गेलो. त्यांनी बिल माझ्या हातात दिलं. नऊ हजार चारशे बारा. दर महिन्याला दोनशे ब्याऐंशी येतं. मी आकडा तोंडाने म्हटला.

"चूकच झाली असणार ना फोनवाल्यांची?" बाई म्हणाल्या. "तुम्ही जरा बघून सांगा. तुम्ही किती नीट काम करता."

त्यांच्या सासूबाई सटाण्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या. त्यांनी बिल उलटं धरून पाहिलं. "हाई काय शे भाऊ? इतला पैसा? आमना कांदाले बी इतला भाव नही."

मी डब्याचं पान उघडलं आणि मला सगळं कळलं. एका मिनिटात कळलं. त्या घरातला संगणक कधीच बंद होत नाही. त्यावर म्हातारीच्या मुलाचे, हवालदाराचे फोटो एकामागून एक सरकत राहतात, गणवेशातला, लग्नातला, बर्फात उभा असलेला, आणि म्हातारी समोर स्टुलावर बसून माळ ओढत ते बघत असते. बाकीच्या गावाला लोडशेडिंगने तरी वाचवलं असेल, कॅम्पात वीजही जात नाही. माझ्या डब्याने महिनाभर रात्रंदिवस मीटर फिरवला होता. मी तिथल्या तिथे सेटिंग बदलून परत ब्रिज केली. बाईंनी विचारलं, "काय झालं होतं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "संगणक चोवीस तास चालू असतो का?"

एवढंच. खोटं एकही अक्षर नव्हतं त्यात.

बाई सासूबाईंकडे वळल्या. "बघा आई, कितीदा सांगितलं बंद करत जा म्हणून. ह्यांचा अर्धा पगार गेला तुमच्या फोटोंपायी." बाईंनी संगणक बंद केला, त्यावर टेबलक्लॉथ टाकला आणि मला चहा दिला. मी तो प्यायलो. निघताना त्या म्हणाल्या, पंचवीस तारखेला हे सुट्टीवर येणार आहेत, तेच ऑफिसात जाऊन काय ते बघतील.

दुकानात येऊन मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "गप बस. मीटर त्यांचा, बिल त्यांचं. आपण वायर लावणारी माणसं." मी म्हटलं, अजून बावीस घरं आहेत. तो हसला. "मग हातात झांजा घे आणि नाशिकभर सांगत फिर. तू हरिश्चंद्र हो, मी दुकानाला कुलूप लावतो." माझा पगार अठ्ठावीसशे आहे. आईच्या गोळ्या त्यातच येतात. तेवीसपैकी चार घरांना माप नाही, म्हणजे एकोणीस घरं उरतात. बाकीच्यांची बिलं याच आठवड्यात यायला लागतील. काल आणि आज सकाळी मिळून मी सात घरी जाऊन आलो. "जरा तपासणी करायची होती" असं सांगून सेटिंग बदलली. इंदिरानगरच्या एका आजोबांनी, आपणहून आला म्हणून, मला वीस रुपये दिले. मी घेतले.

आता मला शहाण्णव सालची ती संध्याकाळ लिहायची आहे, आणि ती लिहिता यावी म्हणूनच बहुधा हे पत्र काढलं. दिवाळी आठ-दहा दिवसांवर आहे. तुम्ही रोजंदारीवर आहात, कायम होणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव लागलंय. आमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर बिल घेऊन तुमच्यापर्यंत खांबाखाली आले होते, की मी मुंबईला एवढे फोन केलेच नाहीत हो. तुम्ही तपासलंत. तुम्हीच उन्हाळ्यात जोडकाम करताना एक जुनी जोडी तोडायची राहून गेली होती. मागच्या गाळ्यातल्या कुणाला तरी मास्तरांच्या नंबराचा टोन मिळत होता आणि तो पोटभर मुंबईला बोलत होता. हे तुम्ही आईला सांगत होता आणि मी लिहीत होतो. तुम्ही म्हणालात, "ते नको लिहू."

"लिहू दे की झालं ते," आई म्हणाली.

"तू भाकरी बघ, करपंल." मग माझ्याकडे न बघता, "लिही. जोडी बदलली. लाइन तपासली. दोष नाही."

मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला शाईचं पेन आणलंत, सोनेरी टोपणाचं. मी वर्गभर दाखवत फिरलो. जानेवारीत मास्तरांनी लुना विकली आणि ते पायी शाळेत येऊ लागले. तुम्ही मार्चमध्ये कायम झालात. त्या दिवाळीनंतर तुम्ही त्या गल्लीत कुणाकडूनही दिवाळीचं पोस्त घेतलं नाहीत, आणि मास्तर समोरून आले की सायकलवरून उतरून हँडल धरून उभे राहायचात. मला वाटायचं तुम्ही त्यांचा मान राखता. मग एकदा, तुम्ही आजारी असताना, मला कळलं की तो मान नव्हता. मी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. माझा तुमच्यावर राग नाही असं लिहिणार होतो. राग आहे. कायम झालात म्हणून तर तुमच्या मागे आईला पेन्शन मिळते आणि मी तीच खाऊन मोठा झालो, त्यामुळे तो राग कुठे ठेवायचा ते मला समजत नाही.

सोमवारपासून जेवण जात नाही. काल सातव्या घरातून बाहेर पडलो आणि मला कळेना की मी कोणत्या दिशेने आलो होतो. तुम्ही कसं निभावलंत, आप्पा? तुम्हाला एकच घर होतं, पण ते रोज समोर होतं.

तीन वाजलेत. मी कॅम्पाच्या बसला जातोय.

पावणेसात. परत आलो. आधी तेच लिहितो. बाईंना उंबऱ्यातच सांगितलं, की चूक फोनवाल्यांची नाही, आईंचीही नाही, सेटिंग मी चुकीची केली होती. मी पाठ करून गेलो होतो तरी मधे अडखळलो.

त्यांनी विचारलं, "म्हणजे सोमवारी तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"मी आईंना बोलत होते तेव्हा?"

"हो."

"आणि तुम्ही चहा पीत बसलात."

आतून म्हातारी आली. तिला सुनेने सगळं सांगितलं. ती माझ्यावर चिडेल असं वाटलं, पण तिचं पैशांकडे लक्षच नव्हतं. ती टेबलाकडे बोट करून म्हणाली, "तीन दिन व्हयनात, मी मन्हा पोऱ्याना फोटो दखा नही. आधी ते लाव."

मी टेबलक्लॉथ काढला, संगणक चालू केला. फोनची वायर डब्यातून कशी काढून ठेवायची ते दाखवलं, आणि फोटो घरातल्याच संगणकात आहेत, त्यांना मीटर लागत नाही, ते दिवसभर बघितले तरी चालतील, हे दोनदा सांगितलं. पहिला फोटो आला. म्हातारीने स्टूल ओढलं आणि आमच्याकडे पाठ केली. बाई तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. त्या पदराने संगणकाचा पडदा पुसत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "पैसे कसे देणार ते लिहून द्या. हे आले की मला त्यांना दाखवायचंय." चहाचं विचारलं नाही. मी कागदावर लिहून दिलं, महिन्याला सहाशे, आणि पहिले सहाशे तिथेच दिले. त्यांनी ते मोजून घेतले.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. आणि हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून खरं लिहितो, मी तुमच्याहून सरळ आहे म्हणून गेलो नाही. पंचवीस तारखेला तो हवालदार येणार आणि ऑफिसात गेला की सगळं उघड होणार, याची भीती होती. ती तारीख बाईंनी सांगितली नसती तर मी गेलो असतो की नाही, ते मी रस्ताभर स्वतःला विचारलं. उरलेल्या अठरा घरी सांगेन असं एक वाक्य मघाशी लिहिलं होतं, ते खोडलं आहे.

सोमवारचा आणि आजचा बसखर्च, अठ्ठेचाळीस. बाईंना दिले, सहाशे. त्यांना देणे बाकी, नेहमीचे दोनशे ब्याऐंशी वजा जाता, आठ हजार पाचशे तीस. कायमच्या सेटिंगचे लोकांकडून जास्त घेतलेले, तेवीस घरांचे पन्नासप्रमाणे, अकराशे पन्नास. इंदिरानगरच्या आजोबांचे, वीस. उरलेल्या अठरा घरांचे, बिलं आल्यावर.