साडेपाच तास पुढे

३ फेब्रुवारी, मंगळवार
दिवाळीनंतर इथे एक ओळ नाही. कारण काही नाही, फक्त लिहिलं नाही. चूक माझी.
लखनौबाहेरच्या बख्शी का तालाबच्या केंद्रातल्या आठ संगणकांवर नवी सिस्टिम चढवायला घेतली. तिथे कंत्राटावर असलेल्या शुक्लाजींनी फक्त बटण दाबायचं, पुढचं सगळं आपोआप. मी अलीगंजच्या ऑफिसातून लॉगिन करून नजर ठेवायची. आठपैकी सातांनी मला आत घेतलंच नाही. ‘परवानगी नाही’, एवढंच. इन्स्टॉल संपल्यावर मात्र आत घेतात. दोन मधेच अडकले, ते का हे बघता आलं नाही.

४ फेब्रु.
माझ्या टेबलावरच्या मशीनवर तीच फाइल चालवली. पहिल्या फटक्यात लॉगिन. म्हणजे माझ्याकडचं बरोबर. (हे लिहिताना जराही अडखळले नाही, तेही नोंदवते.)
शु.ना फोन. “मॅडम, हमने कुछ छेड़ा नहीं. जो आप बोलीं, वही किया.”
केबल ढिली नाही ना?
“अरे, केबल तो दामाद की तरह जमी बैठी है, हिलती ही नहीं.”
मी हसले नाही. हसायला हरकत नव्हती.

५ फेब्रु.
सरांनी विचारलं, काम क्यों अटका है? मी म्हटलं, “साइट पर कुछ गड़बड़ है, सर.” त्यांनी ते वाक्य तसंच शु.च्या फाइलवर उतरवलं. कंत्राट पुढे चालू ठेवायचं की नाही, ते सोमवारच्या बैठकीत ठरणार.
मी शु.चं नाव घेतलं नव्हतं. पण साइटवर दुसरं आहे कोण?

६ फेब्रु., शुक्र.
स्वतः गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली. आठवा संगणक नीट चालतो, त्यात वेगळं काय, असं शु.ना विचारलं.
“इस पर मॉनिटर ही नहीं पकड़ता, तो इसकी घड़ी नहीं मिला पाए. बाक़ी सातों की मिला दी, अपनी हाथघड़ी से.”
किसने कहा था?
“आप ही ने तो, दिसंबर में.”
फोनमध्ये पाहिलं. माझाच मेसेज: सब मशीनों की घड़ी मिला दीजिएगा. बास. कोणत्या वेळेला, ते लिहिलेलं नाही.
मशीनच्या पोटातलं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर ठेवायचं असतं. इन्स्टॉल चालू असताना सिस्टिम त्यात भारताचे साडेपाच तास मिळवते. शु.नी लखनौची वेळ भरली, तिच्यावर आणखी साडेपाच. माझी लॉगिनची परवानगी सकाळी घेतल्यापासून चार तासांची. सकाळी अकराला त्या मशीनच्या लेखी दुपारचे साडेचार, परवानगी कधीच संपलेली. नंतर ते नेटवर्कवरून खरी वेळ घेतं, म्हणून मग आत घेतं.
एकाचं घड्याळ मागे केलं, पुन्हा इन्स्टॉल लावलं. लॉगिन झालं.
“तो हमारी घड़ी ग़लत थी?”
“नहीं शुक्लाजी, आपकी घड़ी ठीक थी.”
त्यांनी चहा मागवला. कप हातात देताना, “मॅडम, सोमवार वाला हो जाएगा न?”
“देखते हैं,” म्हटलं. फाइलवर काय लिहिलंय, हे त्यांना माहीत नाही.

७ फेब्रु.
सरांना मेल लिहायला बसले. ‘घड्याळाच्या सेटिंगमुळे अडचण आली होती, ती दूर केली आहे.’ खरं आहे. पण घड्याळं कोणी लावायला सांगितली, ते त्यात नाही. खोडलं. ‘सूचनेनुसार वेळ बदलली होती.’ कोणाच्या? तेही खोडलं.

८ फेब्रु., रवि.
मेल तसाच पडून. सई म्हणाली, “सर को सीधे बता दो ना, आई. इतना क्या सोचना?” तिला म्हटलं, मेल पाठवते. ती म्हणाली, “मेल तो सर पढ़ते ही नहीं, आप ही बोलती हो.”
खरं आहे. म्हणूनच मेल लिहीत होते का?
सर फाइलवर एकदा लिहिलेलं खोडत नाहीत. शेजारी माझी ओळ लिहू देतील का, माहीत नाही.
उद्या: बैठकीआधी सरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगणे, घड्याळं लावायला मी सांगितलं होतं.